क्लासच्या रस्त्यावरचा रिकामा फोटो

लातूरच्या क्लासेसच्या रस्त्यावर भर संध्याकाळी मी कॅमेरा स्टँडवर लावला. लेन्सवर काळी काच चढवली, म्हणजे उजेड कमी होतो आणि शटर दोन-तीन मिनिटं उघडं ठेवता येतं. तेवढ्या वेळात चालणारं माणूस फोटोत उमटतच नाही. जाणारी-येणारी दप्तरवाली सगळी पोरं गायब, रस्ता कसा स्वच्छ! मी जाम खूश.

घरी आईला दाखवला. तिचं माहेर भूकंपात जमीनदोस्त झालेलं. तिचा चेहराच उतरला.

"माणसं कुठं गेली रे सगळी?"

कौतुक राहिलं बाजूला! मी वैतागून समजावलं, "हलणारी पुसली गेली. ही एक पोरगी पायरीवर गप बसली होती, म्हणून राहिली."

आईनं त्या पोरीवर बोट ठेवलं.

"आमच्या गावात उलटं झालं बघ. उठून पळाले, तेवढेच राहिले."