सातव्या मुद्द्याची तारीख

सप्टेंबर लागला की माझ्या फ्रिजवर एक यादी चढते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची. परदेशातलं आमचं गाव शॉमबर्ग, तिथली आणि आसपासची आमची वीस-बावीस घरं, भाड्याचा एक हॉल, वंदना, मुलांची भाषणं, दुपारचं जेवण. हॉलची किल्ली कोण आणणार, भात किती, चहाचा मोठा थर्मास यंदा कोणाच्या गॅरेजमध्ये आहे, सगळं त्यात असतं. चौथ्या ओळीवर गेली अठरा वर्षं एकच मजकूर आहे: 'वंदना - काका'. निवडणुकीच्या त्या वर्षी मी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. पेन्सिलने. शाईने काढायचा धीर झाला नाही.

काका नात्याने आमचे कोणी नाहीत. नागपूरचे, सत्तरी ओलांडलेले, पुलांचे नकाशे तपासण्यात सगळी नोकरी गेलेली. आम्ही या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. पहिल्या हिवाळ्यात, बर्फावर ब्रेक कसा दाबायचा हे त्यांनी मला एका रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास शिकवलं. रविवारी ते आमच्या मुलांचा वर्ग घ्यायचे. त्या वर्गातलं त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "कोण म्हणालं ते नंतर. काय म्हणालं ते आधी." कोणाचंही ऐकून मान डोलवायची नाही, आधी तपासायचं, हा त्यांचा धडा. मुलांनी तो इतका मनावर घेतला की आईने हाक मारली तरी म्हणायची, "कोणी बोलावलं ते नंतर, कशाला बोलावलं ते आधी."

माझी मुलगी त्या वर्गातली सर्वांत पक्की विद्यार्थिनी. आता ती दुसऱ्या राज्यात, ॲन आर्बरला कॉलेजात शिकते आणि त्या वर्षी पहिल्यांदा मत देणार होती.

ऑगस्टची महिन्याची बैठक आमच्या घरी होती. जेवणं चालू असताना काका आणि ती, दोघं एका उमेदवारावर बोलायला लागले. तो आधी मोठ्या पदावर काम करून आलेला होता आणि काकांचं मत त्याला होतं. तो कुठल्या पक्षाचा हे मी मुद्दाम लिहीत नाही. मला दोन्हीकडच्या घरांत अजून जेवायला जायचंय. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग काका म्हणाले, "बेटा, त्याचं रेकॉर्ड बघ न." ती म्हणाली, "रेकॉर्डच बघतेय, काका. तुम्ही तुमचे व्हिडिओ बघता."

"तू इथे जन्मलीस. तुला कागदांसाठी रांगेत उभं राहणं काय असतं ते माहीत नाही."

"सो आय डोन्ट गेट अ‍ॅन ओपिनियन?"

"ओपिनियनला काय, ते फुकट मिळते."

"कोण म्हणालं ते नंतर, काय म्हणालं ते आधी. तुम्हीच शिकवलंत. आता तुम्ही कोण म्हणालं तेवढंच बघता."

काकांनी ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "ह्या घरात आता विचारतात कमी, शिकवतात जास्त," एवढं म्हणून ते बूट घालायला लागले. काकू घाईघाईने त्यांच्यामागे निघाल्या. त्यांनी सांबारवड्या आणल्या होत्या, कोथिंबीर भरलेल्या, त्यांचा स्टीलचा डबा आमच्या ओट्यावर तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "यंदा आम्ही वेगळा कार्यक्रम करू. आठ-नऊ घरं येतो म्हणतात." उमेदवारावरून घरंही दोन बाजूंना वाटली गेली होती. मी काकांच्या विरुद्ध बाजूच्या एकीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बरंच झालं." मला हे 'बरंच झालं' जास्त लागलं. अठरा वर्षं एक कार्यक्रम, आणि आता एकाच दिवशी दोन हॉल. एकदा दोन झाले की पुन्हा एक होत नाहीत, हे मी दुसऱ्या गावांच्या मंडळांत पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर काकांशिवाय ती वंदना मला ऐकायची नव्हती.

मी रडण्या-रुसण्यातली नाही. मला कुतूहल वाटलं ते एका शब्दाचं. दोघंही 'रेकॉर्ड' म्हणत होते. मग भांडण कशावर होतं? मी मुलीला फोन करून विचारलं, "त्याच्या रेकॉर्डमधल्या कुठल्या तीन गोष्टी तुला खटकतात?" तिने सांगितल्या, मी लिहून घेतल्या. मग काकांना विचारलं, कुठल्या तीन पटतात. त्यांनीही सांगितल्या. कागद शेजारी शेजारी ठेवले. सहा गोष्टी, आणि त्यांत एकही सामाईक नाही. एकाच नावाचे दोन उमेदवार उभे असावेत तसं. तिला काकांच्या तीनपैकी दोन गोष्टी माहीतच नव्हत्या. काकांना तिची एक माहीत होती, पण "ते तसं नाही झालं" म्हणाले. भांडण पूर्ण, आणि विषय अजून सुरूच झालेला नाही.

म्हणून मी रेकॉर्डची यादी करायची ठरवली.

हे माझं रोजचंच काम आहे. मी एका विमा कंपनीत नोकरी करते. सरकारी नियम आला की तो कधीपासून लागू, कुठल्या विभागाला लागू, कोणी काय बदलायचं, याची नोंद ठेवते. तेव्हा सकाळी ऑफिसच्या आधी एक तास, असा आठवडाभर बसले. भाषणं घेतली नाहीत, टीका घेतली नाही, कोणाचे लेख घेतले नाहीत. फक्त झालेल्या गोष्टी, तारीख आणि कागद कुठे मिळेल ते. अकरा मुद्दे निघाले. रस्ते-पूल, व्हिसाच्या रांगा, विद्यार्थ्यांची कर्जं, औषधं, असे. करताना मजा आली हे कबूल केलं पाहिजे. निम्म्या गोष्टी मलाच माहीत नव्हत्या, आणि मी स्वतःला नियमित बातम्या वाचणारी समजते. नवरा चहा देऊन गेला आणि म्हणाला, "फीत कापून उद्घाटन कर यादीचं."

काकांना बोलावणं सोपं नव्हतं. मी समेटाचं नावही काढलं नाही. म्हटलं, "काका, पोरगी पहिल्यांदा मत देणार आहे. मी एक यादी केलीय, पण ती तपासायला कोणीतरी हवं. तुमच्याइतकं बारीक कोण बघणार?" तपासायला दिलेला कागद परत पाठवणं त्यांच्या स्वभावात नाही. शेवटी म्हणाले, "शनिवारी येतो. तसाही काकूचा डबा घ्यायचाय."

मुलगीही त्या शनिवार-रविवारी घरी येणार होती. तेही मी काकांना सांगून टाकलं. लपवून काही करायचं नव्हतं.

त्याच शनिवारी सकाळी मी एक आगाऊपणा केला. यादी आमच्या सगळ्या घरांच्या ग्रुपवर टाकली. वर मथळा: 'तपासलेली माहिती'. काकांनी तपासायच्या आधीच. मला वाटलं, दोन्ही बाजूंना एकच कागद मिळू दे. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी आभार मानले होते. एकाने लिहिलं, 'आता तरी लोकांचे डोळे उघडतील.' दुसऱ्या बाजूच्या एकीनेही जवळपास तेच लिहिलं.

तीन वाजता काका-काकू आले. काकांच्या शर्टाच्या खिशात त्यांची लाल पेन्सिल होती, नोकरीतली. मुलीने वाकून नमस्कार केला, ते "हं" म्हणाले. मी चहा ओतला आणि नियम सांगितला: प्रत्येक मुद्द्यावर आधी काय झालं ते बोलायचं, चांगलं-वाईट नंतर.

पहिले सहा मुद्दे शाळेतल्यासारखे पार पडले. दोघं एकमेकांकडे न बघता माझ्याशी बोलत होते. पुलांच्या मुद्द्यावर काकांनी माझी दोन वाक्यं सुधारली. व्हिसाच्या मुद्द्यावर मुलगी म्हणाली, "ओके, हे मला माहीत नव्हतं," आणि काकांची पेन्सिल क्षणभर थांबली.

सातवा मुद्दा औषधांचा. औषध देण्याआधी गिऱ्हाइकाला किंमत स्पष्ट सांगितली पाहिजे, असा एक नियम. काका खुलले. "हे घे. हे आहे रेकॉर्ड. काकूच्या औषधांचं किती टेन्शन राहायचं मला. ह्याला म्हणतात साध्या माणसाचा विचार करणं."

मुलगीही आता थेट त्यांच्याकडे वळली. "काका, हा नियम कंपन्यांनीच लिहिलाय. किंमत सांगायची, कमी नाही करायची. इट्स फॉर शो. तो असंच करतो, प्रत्येक गोष्टीत."

"काहून गं? आधी सांगितली तर माणूस दुसऱ्या दुकानात तरी जाईल न."

"आणि दुसरं दुकानच नसेल तर?"

पंधरा मिनिटं झाली. काकूंनी दोन वेळा चहा गार होतोय म्हणून सांगितलं. पण ऑगस्टसारखं नव्हतं. दोघंही त्याच एका नियमावर बोलत होते, पानावर बोट ठेवून. मी मनातून खूश होते.

मग काकांनी चष्मा वर केला आणि कागद जवळ धरला. "ही तारीख कशाची लिहिलीस तू?"

"नियमाची."

"लागू झाल्याची न? सही कधीची?"

सही मी बघितलीच नव्हती. ऑफिसात आम्ही लागू होण्याचीच तारीख नोंदवतो. नियमावर सही कोणी, कधी केली, याच्याशी आम्हाला काही घेणं नसतं. काम बदलायचं ते लागू होईल त्या दिवशी. मी अकराच्या अकरा मुद्दे त्याच सवयीने लिहिले होते.

"नकाशावर सही एका वर्षी होते, पूल उभा राहतो चार वर्षांनी," काका म्हणाले. "पूल कोणाचा, हे उभं राहायच्या तारखेवरून नाही ठरत. बघ गं जरा."

मुलीने फोनवर मूळ कागद काढला. वाचला. पुन्हा वाचला. मग फोन टेबलावर काकांच्या समोर सरकवला. सही आधी त्या पदावर असलेल्या, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या, माणसाची होती. या उमेदवाराच्या काळात तो नियम फक्त लागू झाला होता.

काकूंनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, "मग आता तो नियम चांगला की वाईट?"

काका पेन्सिलकडे बघत होते. मुलगी खिडकीबाहेर. मी दोघांकडे, कारण मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"नियम तोच आहे," काका शेवटी म्हणाले.

"इट्स कॉम्प्लिकेटेड," मुलगी म्हणाली.

"पंधरा मिनिटांपूर्वी तर अगदी सोप्पं होतं तुम्हा दोघांना," काकू म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. आधी मुलगी हसली. काका हसले नाहीत, पण त्यांनी लाल पेन्सिलने सातव्या मुद्द्यावर, आपल्याच उमेदवाराच्या सर्वांत चांगल्या मुद्द्यावर, एक सरळ रेघ मारली. तारखेबद्दल ते गप्प बसले असते तर ही चूक मला कधीच कळली नसती. मुलीच्याही हे लक्षात आलं असावं, कारण तिने न सांगता काकांचा कप उचलून पुन्हा भरून आणला.

मग मला सकाळी ग्रुपवर टाकलेली यादी आठवली. 'तपासलेली माहिती'. मी सांगितलं. काका म्हणाले, "मग दुरुस्ती पाठव. आत्ता. बाकीच्या दहाचीही सही बघू आधी."

आम्ही तिघं पुन्हा बसलो. ती फोनवर कागद काढायची, काका तारीख वाचायचे, मी लिहायची. दहावा मुद्दाही चुकलेला निघाला, तिलाच सापडला, आणि तो मुलीच्या आवडत्या तक्रारींपैकी होता. तिने तोंड वाकडं केलं. काका म्हणाले, "मार रेघ," आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने मारली.

दुरुस्तीचा मजकूर मी लिहिला: चूक माझी, कारण असं असं, सातवा आणि दहावा मुद्दा काढून टाकावा. मुलीने तो वाचून खाली एक ओळ घातली: 'सातवी चूक काकांनी शोधली.' काकांनी तिच्या ओळीखाली दुसरी घालायला लावली: 'दहावी हिने.'

सकाळच्या यादीला जितकी उत्तरं आली होती त्याच्या निम्मीही दुरुस्तीला आली नाहीत. जिने 'बरंच झालं' म्हटलं होतं तिने मात्र मला खासगीत विचारलं, "काका तुमच्या घरी होते? दोघं एकत्र?" मी हो म्हटलं. संध्याकाळी काकांनाही त्यांच्या बाजूच्या दोघांचे फोन आले, हाच प्रश्न घेऊन.

निघताना काका दारात थांबले. फ्रिज तिथून दिसतो. "चौथ्या ओळीवर ते काय काढलंस?"

"प्रश्न आहे. उत्तर तुमच्याकडे आहे."

"हॉल बुक झालाय माझा."

"मग कॅन्सल करा."

ते मुलीकडे वळून म्हणाले, "माझं मत बदललं असं समजू नको."

"माझंही नाही," ती म्हणाली.

"नको बदलू. पण मला पाठवत राहा. सहीच्या तारखेसकट."

पुढच्या बुधवारी त्यांनी हॉल कॅन्सल केल्याचं मला काकूंकडून कळलं. तीन घरं तरीही आली नाहीत. त्यांनी त्या दिवशी आपापल्या घरीच वंदना केली. त्यातल्या एका घरी थर्मास होता, तो मला नवा आणावा लागला.

कार्यक्रमात काकांनी वंदना घेतली. आवाज थोडा बसला होता, पण अडखळले नाहीत. मुलगी ॲन आर्बरहून पहाटेच गाडी चालवत आली होती आणि शेवटच्या रांगेत उभी होती. जेवणाच्या वेळी दोघं एका टेबलावर बसली होती आणि आजूबाजूचे हळूहळू त्यांच्याकडे खुर्च्या सरकवत होते, भांडण बघायला मिळेल या आशेने. मी वाढता वाढता काकांना विचारलं, "सातव्या मुद्द्याचं काय ठरलं मग? चांगला की वाईट?"

"भात वाढ," काका म्हणाले.

मुलीने आपलं ताटही पुढे केलं.

घरी आल्यावर मी यादी फ्रिजवरून काढली. प्रश्नचिन्ह तसंच होतं, खोडायचं राहून गेलं होतं. ओट्यावर काकूंचा डबा होता. त्या शनिवारीही तो न्यायचा राहिला होता.