एक हिसका

आमच्या धंद्यात मासे फक्त ताटात दिसायचे. लोकांना वाटतं, पाणबुड्या म्हणजे रंगीत प्रवाळांमधून विहरणारा माणूस. मी मात्र वर्षानुवर्षं आखातातल्या बंदरांत जहाजांच्या पोटाखाली, स्वतःचा हात दिसणार नाही अशा गढूळ पाण्यात, चिकटलेली कालवं खरवडत होतो नाहीतर पत्रे वेल्ड करत होतो. डोक्यावर जड हेल्मेट आणि त्यात फोन. वर डेकवर एक जण माझा दोर धरून उभा, दुसरा फोन कानाला लावून. त्या फोनवर मी सुपरवायझरला मराठीतून मनसोक्त शिव्या घालायचो. त्या भल्या माणसाला वाटायचं, मी प्रार्थना म्हणतोय.

फोन बंद पडला तर दोराची भाषा. वरून एक हिसका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ आणि खालून एक हिसका म्हणजे ‘ठीक आहे.’ लग्नानंतर हे मी बायकोला कौतुकाने सांगितलं आणि पस्तावलो. तेव्हापासून शारजात कुणाचं लग्न असो की बाप्तिस्मा, भर गर्दीत ती माझी बाही एकदा ओढते. मी तिची ओढून उत्तर द्यायचं. विसरलो, तर घरी आल्यावर वेगळा हिसका बघायला मिळतो.

पुढे खांदा कुरकुरायला लागला. म्हटलं खलास, आता हौशी लोकांना स्कूबा शिकवू. एका डाइव्ह सेंटरने इन्स्ट्रक्टरची परीक्षा पास झालो तर नोकरी द्यायचं कबूल केलं, आणि मी ऐटीत राजीनामा देऊन मोकळा झालो. परीक्षा नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही. तरी मी निवांत. पाण्याखाली जाणं म्हणजे आपल्या हातचा मळ.

ट्रेनर एक लेबनीज मुलगी होती, वजनाने माझ्या निम्मी. पहिल्याच दिवशी मी स्विमिंग पूलच्या तळावरून चालत गेलो. आमच्या धंद्यात जड बूट घालून चालतच कामाला जातात. तिने वर बोलावलं. “हबीबी, पायात फिन्स आहेत. ऑफिसला निघालात का?”

मग मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढून दाखवायचं होतं. मी पापणी लवायच्या आत काढलं.

“विद्यार्थ्यांना काय दिसलं? नथिंग! स्लोली. अँड स्माइल.”

तोंडात हवेची नळी असताना हसायचं कसं? डोळ्यांनी, म्हणे. मी डोळ्यांनी हसलो, तर समोरचा विद्यार्थी घाबरून वर गेला.

शेवटी तिने अट घातली. “घरात पाण्याला घाबरणारं कोणी आहे? त्यांना समुद्रात न्या. मी सोबत असेन. त्या माणसाला परत यावंसं वाटलं, तर तुम्हाला परीक्षेला बसवते. नाहीतर सॉरी.”

असं माणूस घरात एकच होतं. बायको वसईची, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली, पण घोट्याच्या वर पाणी लागू न दिलेली. आमच्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये बोंबलाचं कालवण वाढता वाढता तिने साफ नकार दिला.

“ममा, डोन्ट गो. डॅड विल टॉक द होल टाइम,” लेक म्हणाली.

“पाण्याखाली बोलता येत नाही,” मी म्हटलं.

“मग येते,” बायको म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर मी तिला खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. तिचं म्हणणं, कडं म्हणजे कालवण फक्कड जमलंय आणि अंगठा म्हणजे मस्त. दुनिया मानते ते तू कशाला बदलतोस? पूलमध्ये व्हायचं तेच झालं. मी कडं दाखवून विचारलं, तिने खुशीत अंगठा दाखवला, मी तिला वर आणलं. पुन्हा खाली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर.

“अरे, मला आवडलं म्हणून सांगतेय आणि तू मला उचलून बाहेर काय काढतोस!”

खोर फक्कानच्या समुद्रात उतरलो तेव्हा मला धाकधूक होती ती या अंगठ्याचीच. खाली जेमतेम दोन पुरुष पाणी, ट्रेनर चार हात मागे. तिथे बायकोचे गुडघे वाळूत टेकले, घाबरून तिने फिन्स झाडले आणि क्षणात सगळं गढूळ झालं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. पण तिच्या हाताची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. तिच्या बुडबुड्यांचा आवाज भराभर वाढला. शिकलेली एकही खूण उपयोगाची नव्हती. कडं दाखवणार कुणाला? मला खरोखर भीती वाटली, परीक्षेची नाही, तिच्या जिवाची. आणि विचार करायच्या आधीच मी तिचा हात एकदा ओढला.

काही नाही. मग तिकडून एक हिसका आला.

गाळ बसेपर्यंत आम्ही तसेच थांबलो. पाणी निवळलं तेव्हा तिच्या मास्कसमोर एक पिवळा मासा होता आणि तिचा अंगठा वर. मी वर न्यायला लागलो, तर तिने मला दंडाला धरून खाली बसवलं.

बोटीवर मी म्हटलं, “बघ, आपला हिसकाच कामी आला.”

“आपला?” केस पुसत ती म्हणाली. “इतक्या लग्नांत, इतक्या पार्ट्यांत मीच ओढते. ठीक आहेस ना, असं तू मला आज पहिल्यांदा विचारलंस.”

मी तिची ओली बाही धरून बसून राहिलो.

ट्रेनरने तिला विचारलं, “मग? पुन्हा येणार यांच्याबरोबर?”

बायकोने माझ्याकडे न बघता अंगठा वर केला.