गयाबाईची हळद

फाल्गुनातल्या उन्हाला वसमतमध्ये एक वास असतो. मातकट, उष्ण, किंचित कडवट. शिजवून वाळत घातलेल्या हळदीचा. पूर्वी तो शिवारातच थांबे. मग जिल्हा वेगळा झाला, हिंगोलीला कचेऱ्या आल्या, रस्ते रुंदावले आणि पाहता पाहता तो वास गावातच मुक्कामाला आला.

ज्या माळावर मी शाळेची सहल नेत असे, तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. हळकुंडं घासून उजळवणारे लोखंडी ढोल दिवसभर गडगडू लागले, चक्क्यांमधून पीतवर्णी धूळ उडू लागली. आत चार माणसं असोत की चाळीस, अशा प्रत्येक शेडला गावाने एकच नाव दिलं: कंपनी. मुलगा ‘कंपनीत’ आहे म्हटलं की सोयरीक जुळायला वेळ लागेना. या भाबडेपणाचं मला हसू येई. पण मी तरी निराळा कुठे होतो? परगावचे पाहुणे आले की मीही त्यांना कंपन्या दाखवायला नेई. उत्कर्ष पाहायला माणसाला डोळे पुरतात; त्याचा रंग कुणाच्या अंगावर चढतो, हे बघायची सवड मात्र नसते.

आमच्या शेजारी गयाबाई राहायची. नवरा गेल्यावर ती हळदीच्या चक्कीवर कामाला लागली. सांजेला घरी यायची ती भुवयांपासून नखांपर्यंत पिवळी होऊन. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: विधवेला कुणी हळदीकुंकू लावत नाही, नवरीच्या हळदीला तिने हात लावायचा नसतो. संक्रांतीला बायका वाण घेऊन तिच्या दारावरून पुढे जात, आणि ती दारात उभी असे, त्या सगळ्यांहून पिवळी. मला ते दिसे, वाईटही वाटे. मग मी पेपर तपासायला बसे.

तिच्या लेकीचं, सुनिताचं लग्न ठरलं. नवरदेव अर्थातच ‘कंपनी’तला. हळदीच्या सकाळी गयाबाई न्हाणीपाशी घासलेट लावून हात घासत बसलेली दिसली.

“काहून एवढं घासून राहिल्या?” माझ्या बायकोने विचारलं.

“लेकराच्या हळदीत माह्या हातचा डाग नको, बाई.”

मांडवात पाच सवाष्णी नवरीभोवती बसल्या. माझी बायको त्यांतलीच एक. गयाबाई दूर, मेढीला टेकून उभी. पहिलीने वाटीत बोटं बुडवली, तोच सुनिताने तिचा हात धरला आणि आईकडे पाहत म्हणाली, “आई, तू दळलेली हळद साऱ्या मुलखाच्या पोरीला लागून राहिली. मग मलाच काहून न्हाई?”

मुलीच्या आत्याने माझ्याकडे पाहिलं. गुरुजी शिकलेले, काही तरी सांगतील, असं तिला वाटलं असावं. मी चपलांकडे बघत राहिलो. माझ्या बायकोने मात्र वाटी उचलली, मेढीपर्यंत गेली आणि गयाबाईच्या हातात दिली.

घासून लाल झालेल्या त्या हातांनी गयाबाईने लेकीच्या गालांना हळद लावली. कुणी अडवलं नाही. मीही नाही, एवढंच काय ते माझं कर्तृत्व.