नुकसानवाल्यांचं पर्सनल काम

नुकसानवाले कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून गल्लीत शिरले की लोक त्यांना नमस्कार करण्याआधी एकमेकांना विचारत, "कुणाचं जळलं?" विमा कंपनीसाठी चौतीस वर्षं त्यांनी जळलेली दुकानं, चेपलेल्या गाड्या आणि भिजलेली गोदामं टिपली. असल्या कामाला डॉक्युमेंटरी म्हणतात हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं. कंपनीत त्याला पुरावा म्हणत.

वाचनालयाच्या सभागृहात छायाचित्रकारांनी आपल्या कामाबद्दल बोलायचं, असा कार्यक्रम ठरला. ग्रंथपाल बाईंनी नुकसानवाल्यांना आग्रहाने बोलावलं, कारण तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजलेल्या पुस्तकांचे फोटो त्यांनीच काढले होते. प्रत्येकाने दहा फोटो डॉक्युमेंटरी आणि पाच पर्सनल आणायचे. नुकसानवाल्यांकडे पर्सनल म्हणावं असं काही असलंच तर चष्म्याचा नंबर.

आणि नेमकी इथेच गोची होती. त्यांच्या बायकोचा तरुणपणीचा एकही फोटो घरात नव्हता. लग्न कचेरीत दोन सह्यांवर उरकलेलं. माहेरच्या एकुलत्या एका फोटोत ती कुठल्याशा मामाच्या खांद्यामागे. दिव्याखाली अंधार! लेक लहानपणापासून विचारायची, "बाबा, आई तेव्हा कशी दिसायची?" नुकसानवाले म्हणायचे, "खोक्यात आहे एक. शोधून देतो." वीस वर्षं ते शोधत होते. खोक्यात तसलं काही नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. थाप एकदा मारली की तिलाही घरच्यासारखं सांभाळावं लागतं.

कार्यक्रमाला मायलेकी दोघी आल्या. बायको पहिल्या रांगेत बसली, इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा पुसून. पर्सनल म्हणजे आपलाच फोटो, असा तिचा सरळ हिशेब होता.

आधी एक तरुण बोलला. त्याने वर्षभर रोज स्वतःच्या दात घासायच्या ब्रशचा फोटो काढला होता आणि त्यातून त्याला स्वतःचा शोध लागला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काय सापडेल सांगता येत नाही.

मग नुकसानवाले उठले. पडद्यावर जळालेलं कापडाचं दुकान आलं. फोटोच्या कडेने एक हात आत आला होता आणि त्या हातात लाकडी पट्टी होती. पुढच्या फोटोत चेपलेला दरवाजा, तोच हात, तीच पट्टी.

"खड्डा केवढा ते कळायला फोटोत पट्टी लागते," नुकसानवाले म्हणाले. "आणि माणूस दिसता कामा नये. कंपनीचा नियम."

दहा फोटो झाले. अकरावा आला, तोही तसलाच. भिजलेला कागदाचा गठ्ठा, हात, पट्टी. ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या, "आता पर्सनल दाखवायचेत ना?"

"हे पर्सनलच आहेत," नुकसानवाले म्हणाले. "हात आमच्या हिचा आहे. पहिली नऊ वर्षं पट्टी तीच धरायची."

सभागृहातून "वा!" असा आवाज आला. ब्रशवाल्या तरुणाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पहिल्या रांगेतून मात्र "वा" आलं नाही. पाचही फोटो होईपर्यंत बायको पडद्याच्या कडेकडे बघत राहिली. मग प्रश्न विचारायची वेळ झाली तशी ती शाळेतल्यासारखा हात वर करून उभी राहिली.

"त्या हाताला पुढे तोंड होतं का?"

लोक हसले. इतकी लाज नुकसानवाल्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"होतं," ते म्हणाले. "मी घेतलं नाही. खोक्यातही नाहीये. मी खोटं बोललो."

लेकीने मान खाली घातली. बायको उभीच. ग्रंथपाल बाई घाईघाईने म्हणाल्या, "मग निदान सांगा तरी, कशा दिसायच्या?"

नुकसानवाल्यांना बोलायची एकच तऱ्हा येत होती, अहवालाची. त्यांनी घसा साफ केला.

"उंची पाच फूट एक इंच. वेणी कमरेपर्यंत, शेवटची चार बोटं सुटी. उजव्या भुवईला मधोमध खाच, पाव इंच, जुनी. ऊन आलं की आधी डावा डोळा मिटायची, मग उजवा. पट्टी धरली की श्वास रोखायची, पट्टी हलू नये म्हणून. हसू आलं की खालचा ओठ दातांत धरायची, कारण जळलेल्या दुकानात मालकासमोर हसणं बरं दिसत नाही. हसू तिला बहुतेक वेळा यायचं."

आता कुणी हसत नव्हतं. लेक मान वर करून आईकडे बघत होती, भुवईपासून सुरुवात करून.

"एवढं सगळं दिसत होतं," बायको म्हणाली, "तर मग बटण दाबायला काय धाड भरली होती?"

नुकसानवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"तुझं काही नुकसान झालेलं नव्हतं गं."

"आता झालंय," ती म्हणाली. "काढा."

नुकसानवाल्यांनी माईक टेबलावर ठेवला, पिशवीतून कॅमेरा काढला आणि पायऱ्या उतरून ते तिच्याकडे निघाले. मागच्या रांगेत कुणीतरी अजून प्रश्नासाठी हात वर करून बसलं होतं.