खाली अजून ओल आहे

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातलं एक कारण असावं.

मी अकोल्यात फिजिक्स शिकवते. एमएस्सी अमरावतीची. शेवटच्या वर्षी पर्यावरण भौतिकी घेतलं होतं — माती, हवा, पाणी, ऊन यांचं भौतिकशास्त्र. पातूरला घरी ते समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. पण विषय मिरवायला बरा होता. आणि मला मिरवायला आवडायचं, हेही सांगूनच टाकते.

प्रोजेक्टसाठी मला सुकत जाणारी जमीन हवी होती. माझी रूममेट रेहाना चांदूर बाजारकडची. तिच्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा होता. संत्र्याला बहर धरायचा तर थंडीत आधी पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग झाड फुलतं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच जातं. मला याहून चांगलं काय मिळणार होतं? चाचांनी — मी त्यांना चाचाच म्हणायचे — लगेच होकार दिला. मुळांजवळ मी जिप्समचे ठोकळे पुरले, त्यांच्या तारा वर काढल्या. तारांना मीटर लावलं की खाली ओल किती ते कळायचं. गावातली माणसं बघायला यायची. चाचा त्यांना कौतुकानं सांगायचे, युनिव्हर्सिटीची मॅडम आहे म्हणून.

मॅडम! हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभी राहणारी मी.

आलेख छान उतरत होता. फक्त शेवट राहिला होता — जमीन पार सुकते, तिथला सपाट भाग. तो मिळाला तर काम देखणं होईल, असं प्रोजेक्टचे सर म्हणाले होते. ते एवढंच म्हणाले होते. पुढचं सगळं माझं.

त्या सकाळी चाचा धुऱ्यावर, बगीच्याच्या बांधावर, उभे होते. "बेटा, पानं लयच वळून राहिली. पाणी सोडू का? तुयी मशीन काय म्हणते?"

मशीन काय म्हणत होतं? कोरडं. मुळांच्या खालपर्यंत कोरडं. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि चाचांना तो वाचता येत नव्हता.

मी म्हटलं, "खाली अजून ओल आहे चाचा. थांबा थोडं."

ते थांबले. इतकी वर्षं स्वतःच्या नजरेनं बगीचा सांभाळलेला माणूस — माझ्या शब्दावर थांबला. मला माझा सपाट भाग मिळाला. मग मी पाणी सोडायला सांगितलं, तर तोवर आजूबाजूच्या बोअरांनी विहीर ओढून घेतलेली, आणि वीज गेलेली. त्यात आणखी काही दिवस गेले. पानं गळली, शेंडे वाळत आले. त्याच उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त झाडं तोडावी लागली. मी थांबवलं नसतं तर वाचली असती का? वाचली असती. विहिरीला तेव्हा पाणी होतं.

प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेले — हो, पेढे घेऊन. अंगणात संत्र्याची लाकडं रचलेली होती. चाचांनी पेढा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "मशीनचं काई चुकलं नाई बेटा. म्याच पाणी द्याले उशीर केला." मी चहा पिऊन परतले.

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या कुणा शेतकऱ्यानं जीव दिलेला असायचा. पेपर हातात आला की मी आधी चांदूर बाजार शोधायचे. चाचांचं नाव कधी आलं नाही. ते दुसऱ्यांच्या बगीच्यात कामाला जाऊ लागले. त्यांचा मुलगा मात्र त्यांना ऐकवत राहिला — स्वतःच्या हातानं बगीचा मारला म्हणून. शेवटी दोघांचं बोलणं बंद झालं, चूल वेगळी झाली. रेहाना फोनवर हे सगळं सांगायची. मी "अरेरे" म्हणायचे. काय म्हणावं अशा बाईला?

मागच्या वर्षी चाचा गेले. मी भेटायला गेले. मागच्या खोलीत रेहाना आणि मी, दोघीच होतो. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊ अजून तेच म्हणते," ती म्हणाली. "अब्बांनी खरंच उशीर केला होता काय वो? तू तं होती ना तिथं."

इतकं सरळ मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. चाचा नव्हते, झाडं नव्हती, माझी डिग्री कुणी काढून घेणार नव्हतं. मग कशाला भ्यायले मी? रेहाना माझ्याकडे बघत होती. एवढं एक वाक्य घेऊन ती भावाकडे जाणार होती.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो वो. झाला होता थोडा."