दोन बटणांचं मशीन

कुपवाडच्या आमच्या कारखान्यातल्या सुपरवायझर बाई बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघतात. त्यांच्याबद्दल मी गावाकडे अभिमानाने सांगतो.

प्रेस मशीनवरच्या मुलींना दोन बटणं दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणून बोटं वाचतात. काम लवकर उरकावं म्हणून फोरमनने एक बटण रबराने कायमचं दाबून बांधलं होतं. फोरमन बाईंचा सख्खा दीर.

बाईंनी मशीन बंद केलं.

“आवं वैनी, घरातलं घरात ऱ्हाऊ द्या की,” तो हळूच म्हणाला.

“घरात जेवाय वाढीन, भावजी. हितं पोरींची बोटं हायती.”

रबर कापून त्या थेट मालकांकडे गेल्या. दिराचं फोरमनपद गेलं.

संध्याकाळी तो फाटकाबाहेर एकटाच उभा होता. बाईंनी स्कूटर त्याच्यापुढे थांबवली आणि म्हणाल्या, “बसा.”

तो मागे बसला.