पानमळ्यात बूट

वेल नुसती धरली आणि ती मुळासकट हातात आली. मुळं काळी, वास कुजका. शेजारी यमुनाताई उभ्या. नवरा गेल्यापासून केळव्यातल्या या पानमळ्यावरच त्यांचं घर चालत होतं.

"माती ओली हाय, साहेब. मंग पानं मान का टाकतात?"

मी कृषी सहायक. रिटायरमेंट जवळ आलेली आणि हा प्रश्न ऐकून ऐकून जीव विटलेला. तरी सांगितलं. पानं दिवसभर हवेत पाणी सोडतात, मुळं ते भरून देतात. मुळं कुजली की पाटभर पाणी असूनही वेल तहानेनं मरते. याला आम्ही मर म्हणतो. मातीतली बुरशी हे करते. ताईंनी वेल सुकली म्हणून दुप्पट पाणी सोडलं होतं. ओल वाढली, बुरशीचं आयतंच फावलं.

पण ही बुरशी मळ्यात आली कुठून? सुकलेल्या वेली दारापासून एका ओळीत होत्या, पुढे कोपऱ्यापर्यंत. बाकीचा मळा ठणठणीत. त्या कोपऱ्यात मीच उभा राहून मागच्या व्हिजिटचे फोटो काढले होते. त्या दिवशी दुसऱ्या गावच्या रोगट मळ्यातून थेट इथे आलो होतो, बुटांना तिथला चिखल घेऊन.

दारात ताई म्हणाल्या होत्या, बूट काढा, पाय धुवा, वेलीत देवी असते. इथे सगळेच तसे जातात. मी म्हटलं, घाई आहे. मनात हसलोही होतो.

पालघरहून वरिष्ठांचा फोन आला. मी विचारलं, रिपोर्टात कारण काय टाकायचं?

"निचरा कमी, असं टाका. नेहमीचंच," ते म्हणाले.

मी तेच टाकलं. त्याची लाज अजून वाटते. ताईंना मात्र खरं सांगितलं, की हे माझ्या बुटांनी आणलं.

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"तुमाला सांगितलेलं ना, साहेब."

एवढंच. मेलेल्या वेली जाळल्या, उरलेल्यांच्या बुडाशी बुरशी मारायला मोरचूद आणि चुन्याचं पाणी ओतलं, पाट बंद ठेवला. तरी रोग पसरलाच, अर्धा मळा तेवढा वाचला. अर्ध्या मळ्यावर घर चालेना, म्हणून ताई बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक वाडीच्या दारात बूट काढून पाय धुतो. ऑफिसातली नवी पोरं म्हणतात, साहेब म्हातारपणी देवभोळे झाले. समजावायचा आता कंटाळा येतो, आणि माझं बघून तीही बूट काढतात.